बुधवारचा तास : संगणक विभागातल्या क्लबांच्या नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

विभागातल्या विद्यार्थी क्लबांचं काम आजपासून माझ्याकडे आलं. कागदोपत्री पाच क्लब आहेत. प्रोग्रामिंग स्पर्धांचा गट, मुक्त, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरचा गट (त्यातल्या लिनक्स प्रणालीवरून याला सगळे 'लिनक्सवाले' म्हणतात), सायबर सुरक्षेचा गट, मुलींचा गट आणि एका आंतरराष्ट्रीय संस्थेची विद्यार्थी शाखा. सगळ्यात जाड फाईल या शेवटच्या शाखेची. उद्घाटनं, पाहुण्यांचे सत्कार, हजेरीपट, प्रमाणपत्रांचे नमुने, कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकसाठी अक्षांश-रेखांश छापलेले फोटो. हे सगळं लागतं आणि ते नीट ठेवणाऱ्यांनी मेहनत घेतली आहे. पण मी फाईल चाळत होते ती दुसऱ्याच गोष्टीसाठी : दोन कार्यक्रमांच्या मधल्या काळात मुलं एकत्र बसत होती का?

तसा पुरावा सापडला फक्त लिनक्सवाल्यांच्या एका जुन्या दोनशेपानी वहीत. कोणत्या दिवशी कोण आलं, काय बिघडलं, कसं सुटलं. प्रिंटर चालत नव्हता, तीन जण बसले, अखेर ड्रायव्हर मिळाला. अक्षर चार-पाच जणांचं आहे. वही दोन वर्षांपूर्वी अर्ध्यावर थांबते.

एसीएम ही संगणकवाल्यांची आंतरराष्ट्रीय संस्था १९४७ ची, आपली कम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ ची. अशा संस्थांच्या शाखा कॉलेजात असाव्यात असं मला मनापासून वाटतं. नाशिकच्या मुलाला आपल्या विषयातलं जग केवढं मोठं आहे ते त्यातून दिसतं. मात्र शाखेचा फलक लागला म्हणजे गट उभा राहिला असं होत नाही. गट उभा राहतो तो आठवड्यातून एकदा कोणी कोणाशेजारी बसतं त्यातून.

यंदाचं काम एवढंच ठरवलं आहे : मार्चमध्ये तिसरं वर्ष बाहेर पडायला लागेल तेव्हा निदान तीन गट दुसऱ्या वर्षाच्या हाती चालू स्थितीत गेलेले असले पाहिजेत. नवा क्लब काढायचा नाही.

९ जुलै, बुधवार

खाती आणि पासवर्ड. प्रोग्रामिंग गटाच्या खात्याचा ओटीपी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याच्या मोबाईलवर जातो. तो बिचारा मीटिंगमधून बाहेर येऊन आकडे सांगतो, तोवर मुदत संपलेली असते. मुलींच्या गटाच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिन लग्न होऊन परदेशी गेली आहे. सुरक्षा गटाचा सरावाचा सर्व्हर कोणाच्या तरी स्वतःच्या कार्डावर घेतलेला होता, तो बंद पडला आणि दोन वर्षांचे प्रश्न त्याच्याबरोबर गेले.

यात कोणाचा दोष नाही. मुलं स्वतःच्या खिशातून आणि स्वतःच्या फोनवर विभागाचं काम करत होती, त्यांना दुसरी सोय कोणी दिलीच नव्हती. आज विभागप्रमुखांशी बोलून प्रत्येक गटाला विभागाच्या नावाचा ईमेल पत्ता घेतला. दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीचे राखीव कोड कागदावर छापून पाकिटात घातले आणि पाकीट लॅबच्या लोखंडी कपाटात ठेवलं. कपाटाची किल्ली लॅबच्या काकांकडे. काका या विभागात सगळ्यांहून जुने आहेत आणि पुढची काही वर्षं इथेच असणार आहेत.

१६ जुलै, बुधवार

"पोरं थांबत नाहीत" ही तक्रार प्रत्येक शिक्षकाकडून ऐकली, म्हणून कोण कुठून येतं ते वर्गात जाऊन विचारलं. दिंडोरी, निफाड, सिन्नर, पेठ, त्र्यंबक. काही जण मनमाड-लासलगावकडून रेल्वेने. पाचनंतरची बैठक म्हणजे निमाणीच्या थांब्यावर पुढची सिटीलिंक (शहर बस), तिथून सीबीएस हे मध्यवर्ती स्थानक, तिथून एसटी आणि गावात उतरेपर्यंत अंधार. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पाच दहाची गाडी चुकली की पुढची मला थेट साडेसातला आहे. घरी सांगायचं काय?"

म्हणजे आजवर क्लब चालले ते शहरात खोली घेऊन राहणाऱ्यांचे आणि गाडी असणाऱ्यांचे. गंगापूर रोड, कॉलेज रोडवरची मुलं थांबत होती, पेठची थांबू शकत नव्हती. आणि त्याला आपण आवड नसणं म्हणत होतो.

वेळापत्रकात बुधवारी साडेबारा ते दोन हा ग्रंथालयाचा तास आहे. तो तिन्ही वर्षांना एकाच वेळी मिळाला तर क्लब त्यात बसतो. वेळापत्रक करणाऱ्या सरांनी आधी कपाळाला हात लावला, मग दोन प्रात्यक्षिकांची अदलाबदल करून तास मोकळा करून दिला. आतापर्यंत या प्रकल्पासाठी कोणी काही मोठं केलं असेल तर ते त्यांनी.

२३ जुलै, बुधवार

पहिला बुधवार, प्रोग्रामिंग गट. मुलांची कल्पना अशी की प्रत्येकाने आपापल्या लॅपटॉपवर प्रश्न सोडवायचे आणि गुण बघायचे. मी सांगितलं, आज आयसीपीसी या आंतरराष्ट्रीय आंतरमहाविद्यालयीन प्रोग्रामिंग स्पर्धेच्या नियमाने बसू. ही स्पर्धा १९७० साली टेक्ससमध्ये सुरू झाली आणि तिची आजची मुख्य अट अशी आहे : संघात तिघं, संगणक एक, वेळ पाच तास. आम्हाला दीड तास होता, म्हणून प्रश्न तीनच.

एकच कीबोर्ड असला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. तिसऱ्या वर्षाचा मुलगा सवयीने टायपायला बसला. शेजारचा दुसऱ्या वर्षाचा पाच मिनिटं नुसता बघत राहिला आणि मग त्याने कागद ओढला. कागदावर त्याने लहान उदाहरण घेतलं : चार संख्या, त्यातल्या दोन सारख्या. हाताने सोडवलं आणि म्हणाला, "दादा, सारख्या आल्या तर तुझं उत्तर एकने जास्त येतंय." दादाने तोवर तो प्रोग्रॅम पाठवलेला होता आणि तो नापास झाला होता. आयसीपीसीत असा प्रत्येक चुकीचा प्रयत्न, तो प्रश्न पुढे सुटला तर, वीस मिनिटांचा दंड घेऊन येतो. त्यामुळे दादा उठला आणि कीबोर्ड त्याच्याकडे दिला.

मला या स्पर्धेतलं आवडतं ते हेच. एक जण टायपत असताना बाकीच्या दोघांना कागदावर विचार करण्यावाचून गत्यंतर नसतं. कोड छापून घ्यायचा, पेन घेऊन ओळीओळीने वाचायचा, संगणक दुसऱ्याला द्यायचा. नोकरीच्या मुलाखतीसाठी प्रश्न पाठ करणाऱ्यांना हे संथ वाटतं. वाटू दे. जो आपली चूक कागदावर शोधायला शिकला त्याला पुढे कुठल्याही भाषेत अडचण येत नाही. गटासाठी नियम केला : प्रत्येक संघात निदान एक जण खालच्या वर्षाचा.

६ ऑगस्ट, बुधवार

सुरक्षा गटाची नियमावली लिहिली. मुलांचा उत्साह दांडगा आहे आणि पहिली इच्छा कॉलेजच्या वाय-फायवर हात चालवून बघायची. त्यांना बसवून माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० वाचून दाखवला. कलम ४३ : परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं. कलम ६६ : तेच अप्रामाणिकपणे केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 'आम्ही शिकत होतो' ही सबब कायद्यात नाही.

भीती घालून गट बंद पाडायचा माझा हेतू नव्हता. भिंतीवर दोनच ओळी लावल्या : लेखी परवानगी नसलेल्या यंत्राला हात लावायचा नाही, आणि सापडलेली त्रुटी आधी त्या यंत्राच्या मालकाला सांगायची. सरावासाठी कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही सुरक्षेच्या कोड्यांची स्पर्धा मोफत आहे. त्यातले कोडी-प्रश्न सोपे-अवघड असे चढत जातात. शिवाय लॅबमधल्या दोन यंत्रांचं इतरांपासून तोडलेलं छोटं नेटवर्क काकांनी जोडून दिलं. त्यात काय वाट्टेल ते करा.

पहिल्याच तासाला एका मुलाने चित्राच्या फाईलमध्ये लपवलेला मजकूर शोधला. तो कसा शोधला हे त्याने सगळ्यांना फळ्यावर काढून दाखवलं. त्याला आजवर वर्गात बोलताना मी ऐकलं नव्हतं.

१३ ऑगस्ट, बुधवार

लॅब क्रमांक तीनचा प्रश्न. तिथली यंत्रं जुनी. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबरला थांबणार आहेत. विंडोज ११ या यंत्रांवर चढत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. आमची तिसऱ्या-चौथ्या पिढीतली. पैसे भरून अपडेट काही काळ वाढवून मिळतात, पण ते मलमपट्टीसारखं.

लिनक्सवाल्यांना विचारलं, "ही लॅब तुम्ही घेता का?" एकाने लगेच विचारलं, "आणि बिघडली तर?" योग्य प्रश्न. ठरलं असं : आधी एका यंत्रावर महिनाभर चालवून बघायचं, प्रात्यक्षिकाला लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरची यादी करायची, मग सगळ्या लॅबला हात लावायचा. विंडोजच्या जागी डेबियन ही मोफत लिनक्स प्रणाली. तिची तेरावी आवृत्ती, ट्रिक्सी, नुकतीच ९ ऑगस्टला आली आहे, ती घ्यायची. डेबियन १९९३ पासून चालू आहे, मागे कंपनी नाही, जगभरचे स्वयंसेवक ते बांधतात. गट म्हणून शिकायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

काही यंत्रं गावच्या शाळेला देऊन टाकू, अशीही कल्पना मुलांनी काढली. डेडस्टॉक रजिस्टरवर, म्हणजे कॉलेजच्या मालमत्तेच्या नोंदवहीत चढलेली वस्तू निर्लेखन होऊन नोंदीतून रीतसर कमी झाल्याशिवाय दाराबाहेर जात नाही, हे त्यांना समजावलं. यंत्र बाहेर जाऊ शकत नसेल तर शाळेची मुलं आत येऊ शकतात. त्याचं पत्र देते.

२५ ऑगस्ट, सोमवार

परवा गणपती. अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे ६ सप्टेंबरपर्यंत क्लबांना सुट्टी, कारण निम्मे विद्यार्थी ढोल पथकात आहेत आणि त्यांना अडवण्यात अर्थ नाही.

त्यातल्याच एकाशी बोलताना हातात काहीतरी चांगलं लागलं. त्याच्या पथकात नवा मुलगा आला की पहिले काही आठवडे त्याला मिरवणुकीत वाजवायला मिळत नाही. तो दोऱ्या आवळतो, पान ताणायला मदत करतो, सरावाला मागच्या रांगेत उभा राहतो आणि त्याच्या शेजारी मुद्दाम जुना वादक दिलेला असतो. पुढच्या वर्षी तो स्वतः कोणाच्या तरी शेजारी उभा असतो. "आमच्याकडे कोणी सोडून गेलं म्हणून पथक थांबलं असं होत नाही, मॅडम." क्लबमध्ये मला नेमकी हीच रचना हवी आहे : नव्याला पहिल्या दिवसापासून हाताला काम आणि शेजारी एक जुना. तिसऱ्या वर्षाच्या प्रत्येकाने आपल्या शेजारी दुसऱ्या वर्षातला कोण ते सुट्टीनंतरच्या पहिल्या बुधवारी नावानिशी सांगायचं आहे.

१० सप्टेंबर, बुधवार

नावं आली. लिनक्सवाल्यांकडून सगळी, प्रोग्रामिंगकडून बहुतेक. विद्यार्थी शाखेकडून एकही नाही. तिच्या पदाधिकाऱ्यांचं म्हणणं, त्यांना कार्यक्रमच घ्यायचे आहेत. घेऊ देत, वर्षातून दोन चांगली व्याख्यानं विभागाला हवीच आहेत. मी तिला गट धरणार नाही, एवढंच.

२० सप्टेंबर, शनिवार

सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन २००४ पासून पाळला जातो, आता सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी. आम्ही भाषणं ठेवली नाहीत. लॅब तीन उघडली आणि सकाळी नऊपासून यंत्रं घेतली.

आधीचा महिनाभर एका यंत्रावर चाचणी चालली होती, तिचा उपयोग झाला. जावा, पायथन, सी, डेटाबेस सगळं चालतं हे माहीत होतं. मराठी टायपिंग इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्ड मांडणीने चालतं, जोडाक्षरं नीट उमटतात. अडलं होतं एक जुनं प्रात्यक्षिक, त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. त्यासाठी दोन यंत्रं नेटवर्कबाहेर विंडोजवरच ठेवायची असं त्या विषयाच्या मॅडमशी बोलून ठरलं होतं.

कामाची पद्धत मुलांनीच बसवली. प्रत्येक यंत्रापाशी दोघं, कीबोर्ड दुसऱ्या वर्षाकडे. तिसऱ्या वर्षाने तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. हे शेवटचं पाळणं फार अवघड गेलं. एका मुलाने अक्षरशः हात पाठीमागे बांधले होते. डिस्कचे भाग पाडायच्या पडद्यावर दुसऱ्या वर्षाची मुलगी थांबली आणि म्हणाली, "दादा, हे दाबलं की सगळं पुसलं जाणार ना?" तो म्हणाला, "हो. आधी बघ, यात कोणाची फाईल राहिलीय का." तिने बघितलं. एका फोल्डरमध्ये कोणाचातरी गेल्या वर्षीचा प्रकल्प अहवाल निघाला. तो पेनड्राईव्हवर काढून घेतला, पेनड्राईव्हला चिठ्ठी लावली आणि मगच तिने बटण दाबलं.

तीन यंत्रांच्या हार्ड डिस्क कुरकुरायला लागल्या होत्या, त्या बाजूला काढल्या. एकाचा बायोसचा, म्हणजे यंत्र सुरू होतानाच लागणारा पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता. काकांनी झाकण उघडून मदरबोर्डवरचा गोल सेल काढला, थोडा वेळ थांबून परत बसवला आणि पासवर्ड गेला. पोरं तोंडात बोट घालून बघत होती. काकांना मी सगळ्यांसमोर हे परत करून दाखवायला लावलं, कारण हे ज्ञान आज फक्त त्यांच्याकडे आहे.

दुपारी मिसळ आली. संध्याकाळी चारला लॅब तयार होती आणि सगळ्यांना बस मिळाली. पेठच्या मुलीने जुन्या वहीत, जिथे ती थांबली होती त्याच्या पुढच्या पानापासून, प्रत्येक यंत्राची नोंद लिहिली आहे.

८ ऑक्टोबर, बुधवार

हॅक्टोबरफेस्ट. डिजिटलओशन या कंपनीने २०१४ पासून चालवलेला हा उपक्रम, ऑक्टोबरात मुक्त प्रकल्पांना हातभार लावायचा. मुलांनी नाव ऐकलं होतं ते टी-शर्टमुळे. २०२० साली काय झालं ते सांगितलं : टी-शर्टसाठी हजारोंनी निरर्थक बदल पाठवले, कुठे एक शब्द वाढव, कुठे शीर्षकाला 'अमेझिंग' जोड. प्रकल्प सांभाळणारे लोक हे नाकारता नाकारता थकून गेले आणि आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पाने स्वतःहून भाग घेतला त्यालाच तेव्हापासून मोजतात. त्या गोंधळात आपल्या देशातली मुलंही मोठ्या संख्येने होती, याचं मला वाईट वाटतं. त्यांना चांगलं शिकवणारं कोणी भेटलं नव्हतं.

आमचा नियम : जे सॉफ्टवेअर तू स्वतः वापरतोस त्यातच बदल सुचवायचा, आणि आधी त्यांची मार्गदर्शिका पूर्ण वाचायची. एकाने एका नोंदवही-ॲपच्या मराठी भाषांतरातला अर्धवट राहिलेला मेनू पुरा केला. बदल पाठवला, तिकडच्या माणसाने एक शंका विचारली, याने उत्तर दिलं, मंजूर झालं. साता समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसाने आपलं काम वाचून प्रश्न विचारला, हा अनुभव त्याला कुठल्याही प्रमाणपत्रापेक्षा मोठा वाटला. तो दोन दिवस तेच सांगत होता.

आज दिंडोरी-निफाडची मुलं कमी होती. द्राक्षबागांची छाटणी चालू आहे, यंदा पाऊस लांबल्यामुळे सगळं पुढे ढकललं गेलं आणि घरी हात हवे आहेत. त्यांच्यासाठी दर बुधवारचं टिपण वहीतून टायपून ठेवायचं काम एकाने अंगावर घेतलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

विंडोज १० ची मुदत आज संपली. लॅब तीनमध्ये नेहमीसारखी प्रात्यक्षिकं झाली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मुलींच्या गटाची बैठक. वेगळा गट हवाच कशाला, असं काही शिक्षक विचारतात. मला त्याचं उत्तर सप्टेंबरच्या शनिवारी मिळालं. त्या दिवशी मुली ज्या मोकळेपणी डिस्क पुसायला बसल्या, त्या एरवी तशा बसत नाहीत. एरवीच्या प्रात्यक्षिकात एका यंत्रामागे तिघं असले की कीबोर्ड मुलाकडे असतो आणि मुलगी वहीत निरीक्षण लिहिते. अक्षर चांगलं म्हणून.

संगणकशास्त्रातलं सर्वोच्च मानलं जाणारं ट्यूरिंग पारितोषिक १९६६ पासून दिलं जातं. ते पहिल्यांदा एका स्त्रीला, फ्रान्सिस ॲलन यांना, मिळालं ते २००६ साली. चाळीस वर्षं. तिथेही कोणीतरी वही लिहीत बसलं असणार.

मुलींनी काय मागितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. महिला दिनाचं व्याख्यान नको. आठवड्यातून एक तास फक्त त्यांच्यासाठी लॅब, जिथे मूर्ख वाटणारा प्रश्न विचारता येईल. आणि मिश्र गटात वीस मिनिटांनी कीबोर्ड दुसऱ्याकडे जावा, घड्याळ लावून. तिन्ही मान्य. कीबोर्डचा नियम सगळ्याच गटांना लागू केला, कारण अबोल मुलांचाही त्यात फायदा आहे. एम.एस्सी.च्या दोन मुली या तासाला ताई म्हणून बसतील.

३ डिसेंबर, बुधवार

परीक्षा. क्लब बंद. कपाटातली पाकिटं तपासली, सगळी जागेवर.

७ जानेवारी २०२६, बुधवार

नवं काम, पण जुन्याच गटांकडून : मोझिलाच्या कॉमन व्हॉइसमध्ये मराठी आवाज. हा प्रकल्प २०१७ पासून चालू आहे. लोक वाक्यं वाचून आवाज देतात, दुसरे लोक ते ऐकून तपासतात आणि सगळा साठा कोणालाही मोफत वापरता येतो. फोनला मराठीत बोललेलं कळावं असं आपल्याला वाटत असेल तर त्याला मराठी ऐकवायला हवी. आणि ती फक्त पुण्याची ऐकवून भागणार नाही.

आमच्या वर्गात बागलाणकडची अहिराणी बोलणारी मुलं आहेत, सुरगाणा-पेठकडची घरी कोकणा बोलणारी आहेत. त्यांची मराठी त्या वळणाची आहे. हे आवाज साठ्यात जायला हवेत असं मला कळकळीने वाटतं. ते गेले नाहीत तर उद्या पेठच्या आजीला दवाखान्याचा नंबर आवाजाने शोधता येणार नाही, आणि यंत्राला कळलं नाही म्हणून ती स्वतःलाच दोष देईल.

सुरुवातीची अडचण वाक्यांची. वाक्य छोटं हवं, साधारण पंधरा शब्दांच्या आत, त्यात आकडे आणि लघुरूपं नकोत आणि ते स्वामित्वहक्कातून मुक्त हवं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे या वर्षी १९६५ पर्यंत वारलेल्यांचंच घेता येतं. आवडत्या कविता पटापट बाद झाल्या. मग मुलं म्हणाली, आपणच लिहू. "बाजार समितीत आज कांद्याची आवक वाढली." "पाणी आलं का बघ, नाहीतर मोटार लाव." अशी वाक्यं कुठल्याच पुस्तकात नसतात आणि रोज बोलली जातात.

रेकॉर्डिंगला लॅबचे पंखे बंद करावे लागतात. जानेवारी आहे म्हणून जमलं.

२१ जानेवारी, बुधवार

तपासणीच्या तासाला एक गोष्ट घडली, ती महत्त्वाची आहे. ऐकणाऱ्यांपैकी एकाने सुरगाण्याच्या मुलाचं वाक्य 'नाही' म्हणून नाकारलं. कारण विचारलं तर, "उच्चार शुद्ध नाही." तो मुलगा मागच्याच बाकावर बसला होता. त्याने मान खाली घातली.

पडद्यावर प्रकल्पाची मार्गदर्शिका उघडून सगळ्यांना वाचायला लावली. शब्द गाळला, दुसराच वाचला, मागे गोंगाट आहे, तर नाकारा. बोलण्याची ढब वेगळी आहे म्हणून नाकारू नका, ती वेगळी असण्यासाठीच हा साठा आहे. नाकारणाऱ्या मुलाने ते वाचलं आणि ध्वनिफीत पुन्हा ऐकली. सगळे शब्द जागेवर होते. त्याने मत बदललं आणि मागे वळून सांगितलं, "माझं चुकलं रे." पुढच्या बुधवारपासून तपासणीची जबाबदारी सुरगाण्याच्या मुलाकडे आहे. हे मी सुचवलं नाही, गटाने ठरवलं.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

मराठी भाषा गौरव दिन. विभागात व्यासपीठ नव्हतं. जिल्हा परिषद शाळेची मुलं आली होती, पत्र ऑगस्टमध्ये दिलं होतं ते आता मार्गी लागलं. त्यांनी लॅब तीनमध्ये इनस्क्रिप्टने आपापली नावं टायपली. 'ज्ञ' कुठे आहे यावर खूप वेळ गेला. त्यांना शिकवत होती दुसऱ्या वर्षाची मुलं, तिसरं वर्ष मुलाखतींना गेलं होतं. कोणी काही अडलं म्हणून मला शोधत आलं नाही.

१८ मार्च, बुधवार

हस्तांतर. उद्या पाडवा, म्हणून आजच केलं.

लिनक्स गट : दुसऱ्या वर्षाच्या दोघांकडे, त्यातली एक पेठची. वही, पेनड्राईव्हचा डबा, यंत्रांची यादी. नव्या जोडीने जुन्यांसमोर एक यंत्र पूर्ण बसवून दाखवलं. काकांचा सेल काढायचा प्रयोगही करून दाखवला.

प्रोग्रामिंग गट : दोघांकडे. ओटीपी आता विभागाच्या नंबरवर.

सुरक्षा गट : नियमावली आणि दोन यंत्रांचं नेटवर्क एका मुलाकडे दिलं आहे, हा तोच फळ्यावर बोललेला. त्याला जोडीदार अजून मिळालेला नाही आणि एकट्यावर गट सोपवणं मला मान्य नाही. जूनमध्ये पहिल्या वर्षातून जोडीदार शोधेपर्यंत एम.एस्सी.चा एक जण त्याच्याबरोबर बसेल.

मुलींचा तास पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात छापून घेतला. तोंडी ठेवला असता तर नवा वेळापत्रकवाला आला की गेला असता. बुधवारचा साडेबारा ते दोनही छापला.

आवाजाचं काम सुट्टीत घरून चालू राहील. सुरगाण्याचा मुलगा गावातल्या मोठ्या माणसांकडून, त्यांची संमती घेऊन, त्यांच्याच फोनवर आवाज नोंदवून घेणार आहे. त्यासाठी लागणारी माहितीपत्रकं त्याने स्वतः लिहिली आहेत. मी फक्त शुद्धलेखन बघितलं. छपाईचा खर्च विभागाने करावा असा अर्ज आज दिला आहे. मंजुरी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अपेक्षित.